मानवी मेंदू : रचना, रक्तपुरवठा आणि आपली जबाबदारी

खेड्यांत आणि वस्त्यांत आजही एखाद्याचा अर्धा देह लुळा पडला की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. ग्रंथांतला ‘अर्धांगवायू’ हा शब्दही तेच सांगतो. शरीराच्या आत काय चालते हे पाहण्याचे साधन ज्या काळी नव्हते, त्या काळी ही नावे पडली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु नाव कारण सुचवते आणि कारण उपाय सुचवते. वारे लागले असे एकदा मनात बसले की दारे-खिडक्या बंद होतात, अंगावर घोंगडी येते, लुळ्या हातापायाला तेल चोळले जाते; कोठे कोठे कबुतराचे रक्तही लावले जाते. एवढ्यात दिवस मावळतो. ज्या अवयवात बिघाड झालेला असतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नसते. तो अवयव म्हणजे मेंदू.

प्रस्तुत लेखात मेंदूची स्थूल रचना, त्याला रक्त पोहोचवणारे मार्ग आणि त्या मार्गांत अडथळा आला असता काय घडते, यांचा क्रमाने विचार केला आहे. शाळेत दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या कोणालाही तो समजावा आणि त्याने तो घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

मेंदूचे घर

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. प्रयोगशाळेतील प्रतिकृती पाहून तो कठीण असावा असा समज होतो. प्रत्यक्षात जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. म्हणूनच निसर्गाने त्याला कवटीच्या हाडांत बंदिस्त केले आहे. कवटीच्या आत त्यावर तीन आवरणे असतात : बाहेरचे जाड व चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे आणि आतले अत्यंत तलम, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला चिकटून राहणारे. मधल्या आणि आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा नितळ द्रव असतो. त्याला प्रमस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. मेंदू व मेरुरज्जू मिळून तो सुमारे १५० मिलिलिटर भरतो. शरीर दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नवा द्रव तयार करते आणि तेवढाच जुना रक्तात शोषला जातो. या द्रवात मेंदू तरंगत असल्याने त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच जाणवतो.

कवटीचे हे संरक्षण मोलाचे आहे. पण त्याची एक बाजू ध्यानात ठेवली पाहिजे. कवटी ही न ताणणारी पेटी आहे. पोटात किंवा मांडीत रक्तस्राव झाला तर तेथे फुगायला जागा असते. कवटीत ती नसते. आत रक्त साचले किंवा सूज आली तर सारा दाब त्या मऊ मेंदूवरच येतो.

मेंदूचे तीन भाग

अभ्यासाच्या सोयीसाठी मेंदूचे तीन भाग मानतात : मोठा मेंदू म्हणजे प्रमस्तिष्क, लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क, आणि या दोहोंना मेरुरज्जूशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ.

प्रमस्तिष्काचे उजवा व डावा असे दोन गोलार्ध असतात. आत खोलवर तंतूंचा एक जाड पट्टा त्यांना जोडतो. गोलार्धांच्या पृष्ठभागावर २ ते ४ मिलिमीटर जाडीचा करड्या रंगाचा थर असतो. विचार, स्मरण, भाषा, संवेदना आणि ऐच्छिक हालचाली या थरातील चेतापेशींवर अवलंबून असतात. एवढा विस्तृत थर कवटीत मावावा म्हणून त्याला असंख्य घड्या पडलेल्या आहेत. त्याच्या खाली पांढरे तंतू असतात; ते एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेतात.

प्रत्येक गोलार्धाचे चार खंड आहेत. कपाळामागील ललाटखंडात नियोजन, निर्णय आणि हालचालींचा आरंभ होतो. डोक्याच्या वरच्या-मागच्या भागातील पार्श्वखंडात स्पर्श, वेदना आणि अंगाच्या स्थितीची जाणीव पोहोचते. कानाच्या बाजूचा शंखखंड श्रवण आणि स्मरणाशी निगडित आहे. सर्वांत मागचा पश्चखंड दृष्टीचा आहे. डोळे पाहण्याचे साधन असले तरी दृश्याचा अर्थ डोक्याच्या मागच्या भागात लागतो.

ललाटखंडाच्या मागच्या कडेला हालचालींची एक पट्टी आहे. तिच्यावर सारे शरीर जणू उलटे टांगलेले आहे. दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूस, पायाचे केंद्र आहे. तेथून वर येऊन बाहेरच्या बाजूने खाली उतरत गेले की आधी हाताचे व नंतर चेहऱ्याचे केंद्र लागते. वाचेचे केंद्र चेहऱ्याच्या केंद्राशेजारी आणि बहुतेकांच्या बाबतीत डाव्या गोलार्धात असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी करून हे दाखवून दिले. तो रुग्ण अनेक वर्षे एकच अक्षर उच्चारू शकत असे, परंतु दुसऱ्यांचे बोलणे त्याला बऱ्याच अंशी कळत असे.

अनुमस्तिष्क डोक्याच्या मागे, खालच्या बाजूस असतो. तोल सांभाळणे आणि हालचालींत सुसूत्रता आणणे हे त्याचे मुख्य काम. आकाराने लहान असला तरी त्याच्या पेशी अतिशय दाटीने बसवलेल्या आहेत. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळपास ६,९०० कोटी या लहान मेंदूतच असतात.

मस्तिष्कस्तंभ जेमतेम अंगठ्याएवढा असतो. पण श्वसन, हृदयाची गती, गिळणे आणि जागृतावस्था त्याच्यावर अवलंबून आहेत. त्याच्या सर्वांत खालच्या भागाला लंबमज्जा म्हणतात. हालचालींचे बहुतेक तंतू येथे एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. त्यामुळे शरीराच्या उजव्या बाजूवर डाव्या गोलार्धाची आणि डाव्या बाजूवर उजव्या गोलार्धाची सत्ता चालते. उजवा हात लुळा पडला तर त्या हातात काही बिघडलेले नसते. बिघाड डोक्यात, डाव्या बाजूला झालेला असतो. हाताला कितीही तेल चोळले तरी ते तेथवर पोहोचत नाही.

हातावर पोट असलेला अवयव

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीर विश्रांती घेत असताना लागणाऱ्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्यासाठी दर मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर रक्त त्याच्यातून वाहावे लागते. झोपेतही या मागणीत फार मोठी घट होत नाही.

यकृत आणि स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात. चरबीच्या रूपाने शरीरात महिनोमहिन्यांची बेगमी असू शकते. मेंदूजवळ मात्र साठवण जवळजवळ नाही. सबंध देहावर हुकूम चालवणारा हा अवयव हातावर पोट असलेल्या कुटुंबासारखा आहे. आजची मजुरी मिळाली तरच आजची चूल पेटते, तसे या क्षणी आलेल्या रक्तावरच त्याचा हा क्षण निभतो. संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह थांबला तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर पेशींची कायमची हानी होऊ लागते. ही एक गोष्ट समजली की पुढचे सारे समजते.

रक्त वर कसे चढते

हृदयातून निघालेल्या महारोहिणीपासून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार वाहिन्या आहेत. त्यांपैकी दोन मानेच्या पुढच्या बाजूने आणि दोन मागच्या बाजूने जातात.

पुढच्या दोन म्हणजे ग्रीवा रोहिण्या. कंठमण्याच्या शेजारी बोट हलकेच टेकले तर जी नाडी लागते, ती हीच. (दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नयेत.) कंठाच्या वरच्या भागात प्रत्येक ग्रीवा रोहिणी दुभंगते, बाहेरची शाखा चेहऱ्याकडे जाते आणि आतली कवटीत शिरते. मेंदूच्या एकूण रक्तापैकी सुमारे चार-पंचमांश रक्त या आतल्या दोन शाखा पुरवतात. रक्तातील चरबी, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब यांमुळे या दुभंगण्याच्या जागीच आतून थर साचण्याची प्रवृत्ती असते.

मागच्या दोन म्हणजे कशेरुक रोहिण्या. मानेच्या मणक्यांना बाजूस छिद्रे असतात. वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून, सुईत दोरा ओवावा तशा त्या वर चढतात आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत येतात. तेथे मस्तिष्कस्तंभासमोर दोन्ही मिळून एकच आधार रोहिणी होते. मस्तिष्कस्तंभ, अनुमस्तिष्क आणि मोठ्या मेंदूचा मागचा भाग यांचे पोषण मुख्यतः या मार्गाने होते.

पुढचे आणि मागचे मार्ग मेंदूच्या तळाशी बारीक जोडवाहिन्यांनी एकमेकांस मिळतात आणि एक कडे तयार होते. त्याला विलिसचे वलय म्हणतात. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे थॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली मेंदूच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे पुढे वास्तुविशारद म्हणून विख्यात झालेल्या ख्रिस्तोफर रेन याने काढली होती. हे वलय विलिसपूर्वीही काहींनी पाहिले होते. विलिसने ते पूर्णपणे रेखाटले आणि त्याचे प्रयोजन ओळखले. एका मृत माणसाच्या तपासणीत त्याला एका बाजूची ग्रीवा रोहिणी संपूर्ण बुजलेली आढळली. तरीही तो माणूस हयातीत पक्षाघाताने पडला नव्हता. त्याच बाजूची कशेरुक रोहिणी मात्र रुंदावली होती. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने रक्त यावे, अशी ही सोय आहे, हे त्याने ताडले.

या सोयीवर सर्वस्वी विसंबून राहता येत नाही. निम्म्याहून अधिक लोकांत हे वलय पुस्तकातील चित्राइतके पूर्ण नसते. एखादी जोडवाहिनी फार बारीक असते किंवा नसतेच. शिवाय अडथळा वलयाच्या पुढे, म्हणजे मेंदूत शिरणाऱ्या शाखेत आला, तर वलयाची मदत तेथे पोहोचत नाही.

वापरलेले रक्त नीलांमधून मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणातील पन्हळींत जमा होते आणि मानेच्या मोठ्या नीलांवाटे हृदयाकडे परतते.

तीन शाखा, तीन प्रदेश

वलयापासून प्रत्येक गोलार्धाला तीन प्रमुख रोहिण्या मिळतात. अग्र रोहिणी दोन गोलार्धांच्या मधल्या फटीतून जाते; तेथे पायाचे केंद्र आहे, म्हणून ती बंद पडली तर मुख्यतः विरुद्ध बाजूचा पाय दुर्बल होतो. पश्च रोहिणी दृष्टीच्या खंडाला रक्त देते. ती बंद पडली तर एका बाजूचे अर्धे दृश्य नाहीसे होते.

तिघींत मोठी असते ती मध्य रोहिणी. ती गोलार्धाच्या बाहेरच्या बाजूवर पसरते. चेहरा, हात आणि वाचा यांची केंद्रे तिच्याच प्रदेशात येतात. पक्षाघातात चेहरा वाकडा होणे, हात गळून पडणे आणि बोबडी वळणे ही लक्षणे वारंवार एकत्र का दिसतात, याचे उत्तर या एका वाहिनीच्या वाटेत आहे.

मध्य रोहिणीच्या आरंभापासूनच केसांसारख्या बारीक शाखा काटकोनात वर निघतात आणि मेंदूच्या गाभ्यात शिरतात. सबंध अर्ध्या अंगाचे हालचालींचे तंतू या गाभ्यात एका चिंचोळ्या पट्टीत एकवटलेले असतात. तेथे हरभऱ्याएवढी जागा निकामी झाली तरी चेहरा, हात आणि पाय तिन्ही लुळे पडू शकतात. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब याच बारीक शाखांच्या भिंती झिजवतो. त्या कधी बुजतात, तर कधी फुटतात. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, चक्करही आणत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ असे सांगून गोळी बंद करणारा माणूस स्वतःची फसवणूक करीत असतो.

अडथळा आणि उपच्छाया

पक्षाघाताचे दोन प्रकार आहेत. एकात रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद होते. दुसऱ्यात वाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. यांपैकी पहिला प्रकार अधिक आढळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण उपचार परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर ते प्राणावर बेतेल. म्हणून प्रथम सीटी स्कॅन करावा लागतो. या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले. ते विकसित करणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक दुसऱ्या एका संशोधकासमवेत मिळाले.

वाहिनी बंद झाली की तिच्या प्रदेशाच्या मध्यभागातील पेशी काही मिनिटांत मरतात. सभोवतालच्या पेशींना शेजारच्या वाहिन्यांतून थोडेफार रक्त मिळत राहते. त्या काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत. ग्रहणाच्या धड्यात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया शिकलो. वैद्यकाने तोच शब्द येथे घेतला असून या अर्धमेल्या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. सारे उपचार या उपच्छायेतील पेशी वाचवण्यासाठी असतात. मोठी वाहिनी बंद पडून उपचार न झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. योग्य रुग्णांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते. जितके लवकर, तितका लाभ अधिक. मोठ्या वाहिनीतील गुठळी मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन बाहेर काढण्याची शस्त्रक्रियाही आता उपलब्ध आहे. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते. तेल चोळण्यात आणि उतारा टाकण्यात गेलेली दुपार म्हणजे हीच मुदत.

ओळख आणि कृती

घरातील प्रत्येकाने पुढील चार गोष्टी पाठ कराव्यात.

१. चेहरा : हसायला सांगावे. तोंडाची एक बाजू ओघळते का, ते पाहावे.
२. हात : दोन्ही हात समोर उचलायला सांगावे. एक हात खाली पडतो का?
३. वाचा : एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. शब्द अडखळतात किंवा भलतेच येतात का?
४. वेळ : यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अचानक दृष्टी जाणे, तोल जाणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी उठणे, हीदेखील धोक्याची चिन्हे आहेत. रुग्ण शेवटचा केव्हा ठणठणीत दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. शक्यतो सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. तोंडाने पाणी, चहा, औषध काहीही देऊ नये. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते श्वासनलिकेत उतरते. मनाने अ‍ॅस्पिरिनची गोळीही देऊ नये. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवावे. लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी तपासणी करावी. मोठ्या आघाताची ती पूर्वसूचना असू शकते.

हातापायांना व्यायाम देणे चूक नाही, मात्र त्याची वेळ नंतरची आहे. प्राण वाचल्यावर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम केला तर मेंदूचे शाबूत भाग हरवलेली कामे काही प्रमाणात पुन्हा शिकतात. वाचा गेलेल्या माणसाशी घरच्यांनी बोलत राहावे. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे नव्हे. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे हा त्याचा अवमान आहे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल तर उपचार घ्यावेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी असावे. पापड, लोणचे आणि सुक्या मासळीतील मीठही त्यातच मोजावे. बिडी, तंबाखू, गुटखा आणि मशेरी सोडावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. रोज अर्धा तास चालावे.

शिकलेल्याचे कर्तव्य

वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पार पाडण्याची संधी प्रयोगशाळेतच येते असे नाही. निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आपापल्या घरांतील पहिली शिकलेली पिढी आहेत. गावी कोणाला काही झाले की पहिला फोन त्यांना जातो. ‘आजीच्या अंगावरून वारे गेले आहे, काय करावे?’ असे पलीकडून विचारले जाते. त्या वेळी मेंदूच्या सर्व भागांची नावे आठवली नाहीत तरी चालेल. मेंदूजवळ साठा नसतो आणि घड्याळ सुरू झालेले आहे, एवढे आठवले पाहिजे. मग उत्तर चुकत नाही : तेल बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा, आणि किती वाजता हे सुरू झाले ते मला सांगा.